सहा हजार पाच नंबरचं कार्ड

४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

मुंगी म्हणण्याचं तुझं वय राहिलेलं नाही, पण खऱ्या नावाने हाक मारली की शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटतं असं तूच एकदा म्हणाली होतीस. तेव्हा मुंगीच.

आधी कामाचं. तुझ्या बाबांचा कॉम्प्युटर मी माझ्या घरी आणला आहे. तुझा दादा म्हणत होता, "आत्या, तो डबा भंगारात दे. मी तुला चांगला फोन घेऊन देतो." फोनवर माणसाचा चेहरा पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो. माझा डावा कान तर कधीच गेला होता, गेल्या वर्षी उजवाही गेला. आता मी ओठ वाचते, आणि ओठ वाचायला चेहरा निदान ताटलीएवढा लागतो. बाबांचा पडदा मोठा आहे. त्यावर तुम्हा दोघांना समोर बसवून बोलायचं, एवढाच माझा उद्देश आहे. जावईबापूंना सांग, दाढी करून बसायचं. केसांच्या जंगलातले शब्द मला सापडत नाहीत.

अडचण अशी. बाबांनी त्यावर चारचौघांकडे असते ती प्रणाली ठेवली नव्हती. त्यांची ती युनिक्सच्या घराण्यातली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही. मला ती आवडते. पण सामान हलवताना हमालाने मागचा तारेचा जोड मोडला, म्हणून मी बाजारातून बिनतारी नेटवर्क कार्ड आणून बसवून घेतलं. दुकानदाराने ते बसवलं, पडदा पाहिला, "मावशी, ह्यातलं आपल्याला काही कळत नाही," म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला. दादाने घेतलेली इंटरनेटची पेटी बाहेरच्या खोलीत हिरवे दिवे लावून बसली आहे. दोघांची अजून ओळख झालेली नाही.

मशीन सुरू होताना इतर ओळींबरोबर एक ओळ येते. तिचा अर्थ मला लागला तो असा: कार्ड दिसलं, पण त्याचं फर्मवेअर वाचता आलं नाही. पुढे हव्या असलेल्या फाईलचं नाव आहे आणि त्याच्या शेवटी ६००५ हा आकडा. हे मी पडद्यावर बघून उतरवलं आहे. तू दिवसभर अशाच मशीनची देखभाल करतेस, तेव्हा काय करायचं ते लिही. दादाला विचारायचं नाही. त्याच्याशी माझी एक पैज लागली आहे, ती काय ते तुझ्या कामाचं नाही.

पासवर्डची काळजी नको. तो मला पाठ आहे. शेवटी शेवटी मीच तो तुझ्या बाबांना सांगत असे.

आत्या


२१ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार,

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. ह्यापुढेही तिथेच पाठव. घरी टपालपेटीचं कुलूप बिघडलंय आणि दुरुस्तीला कुणी येतच नाही.

बाबांची मशीन तू चालवतेस हे वाचून मला हसू आलं आणि मग जरा बरंही वाटलं. मला वाटलं होतं दादाने ती कधीच विकली.

तुझ्या कार्डाचं काय झालंय सांगते. काही कार्डं मुळात बिनडोक असतात. रोज सकाळी मशीन सुरू झाली की तिने कार्डाला एक फाईल भरवायची, मग त्याला कळतं की आपण कोण आणि आपलं काम काय. ती फाईल म्हणजे फर्मवेअर. बाबांची प्रणाली ते आपल्याबरोबर ठेवत नाही, कारण ते कार्ड बनवणाऱ्यांच्या मालकीचं असतं. इंटरनेटवरून उतरवून घ्यावं लागतं. आणि इंटरनेट सुरू व्हायला कार्ड लागतं! म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. घाबरू नकोस, सगळ्यांचं असंच होतं.

म्हणून सोबत पेन ड्राइव्ह पाठवते आहे. तो लावायचा, त्यातली फाईल फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये ठेवायची, मशीन बंद करून पुन्हा सुरू करायची. कुठल्या ओळी टाइप करायच्या ते वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. एकेक ओळ टाकून थांबत जा.

आमचं बरं आहे. तो कामात असतो, रविवारीसुद्धा. त्यामुळे दोघांनी एकदम समोर बसायचं जरा कठीणच आहे. तोवर फोटो पाठवू का?

तुझी
मुंगी


११ मार्च

चि. मुंगीस,

पाकीट मिळालं. फोटो नको. फोटो बोलत नाहीत.

तू लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. प्रत्येक ओळ टाकून थांबले. फाईल योग्य जागी गेली आहे हे फोल्डर उघडून पाहिलं. मशीन पुन्हा सुरू केली. तीच ओळ आली, फर्मवेअर वाचता आलं नाही. पुन्हा केलं, तरी तेच.

आता नीट वाच. मशीन मागते आहे त्या फाईलच्या नावाशेवटी मला ६००५ दिसतं. तू पाठवलेल्या फाईलच्या नावाशेवटी ६०३० आहे. भिंग लावून पाहिलं. मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, पण तुमच्या धंद्यात एकाच वस्तूचे दोन नंबर असतात की काय ते मला माहीत नाही. असतील तर तसं लिही.

नसतील, तर माझं पहिलं पत्र काढून बघ. त्यात मी कोणता आकडा लिहिला होता? माझ्याकडे नक्कल नाही. मला आठवतं त्याप्रमाणे ६००५. पण मला आठवतं, एवढ्यावर मी भागवणार नाही. तू पत्र समोर ठेवून सांग.

बाकी ठीक. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले आहेत. त्यांची मुलं दिवसभर उड्या मारतात अशी शेजारीण तक्रार करते. मला काय, शांतताच आहे. कधी कधी टेबलावरचा पेला हलतो, तेव्हा कळतं की वर माणसं आहेत.

तुम्ही दोघं माझ्याशी बोलताना चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसा, मागे खिडकी नको. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे कार्ड सुरू झालं की वेळ जाणार नाही. आणि रविवारी त्याला काम असेल तर दुसरा कुठलाही वार चालेल. माझे सगळे वार मोकळे आहेत.

आत्या


२८ मार्च

ती. आत्यास नमस्कार,

पत्र काढून पाहिलं. तू ६०३० असंच लिहिलं होतंस. पडद्यावरही तेच असणार, ह्या जातीच्या कार्डांना तोच नंबर असतो. ती अक्षरं बारीक असतात गं, शिवाय ओळी भराभर वर सरकतात. होतं असं. एकदा चष्म्याचा नंबर तपासून घे. फाईल ठेवतानाही काहीतरी राहिलं असेल. सावकाश पुन्हा करून बघ, घाई कशाला?

इकडे काम फार आहे. पुढचं पत्र यायला वेळ लागला तर काळजी करू नकोस. त्याने नमस्कार सांगितलाय.

तुझी
मुंगी


१६ एप्रिल

चि. मुंगीस,

तुझं पत्र मिळालं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नंबर बदललेला नाही, डोळे उत्तम आहेत असं त्यांनी लिहून दिलं. घरी येऊन मशीन सुरू केली. मला अजूनही ६००५ दिसतं.

म्हणजे दोष डोळ्यांत नाही.

तुझ्या बाबांचं विसरणं कसं सुरू झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. तू तिकडे परदेशात होतीस, आणि मीच सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. माणसांची नावं वगैरे नंतर गेली. सुरुवात आकड्यांपासून झाली. घड्याळात पावणेपाच वाजलेले असायचे आणि ते सव्वापाच सांगायचे, तेही अगदी ठामपणे. मी म्हणायची, "अरे, नीट बघ." ते म्हणायचे, "नीटच बघतोय, तुलाच दिसत नाही." त्यांना खरोखरच सव्वापाच दिसायचे. ते वाद घालत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

शेजारणीला बोलावून आकडा वाचून का घेतला नाहीस, असं तू विचारशील. आणायला गेले होते. तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. ती ६०३० म्हणाली असती, तर?

पैजेचं आता सांगते. मी एकटी राहू नये, वृद्धाश्रमात जावं, असं दादाचं म्हणणं आहे. तो वाईट मनाने म्हणत नाही. बाबांना शेवटी सांभाळताना त्याचे काय हाल झाले ते मी पाहिलं आहे. मी त्याला म्हटलं होतं, बाबांची मशीन मी स्वतः इंटरनेटला जोडून दाखवली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं, तर तू म्हणशील तिथे जाईन. तो हसून म्हणाला, "आत्या, तू हे चार दिवसांत करशील, मला माहीत आहे." त्याचा माझ्यावर भरवसा होता. माझाही होता.

दादाला कळवलं. एक जूनपासून जागा मिळते आहे. खोली पाहून आले, स्वच्छ आहे, खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. माझी पुस्तकं कॉलेजने नेली. ग्रंथपाल नवी मुलगी आहे. काहीतरी चांगलं बोलली असावी, पण ओठांवर हात ठेवून बोलते, त्यामुळे मला कळलं नाही.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू बरोबर तेच सांगितलंस. दुसरं कुणी माझं मन राखायला खोटं बोललं असतं. कार्डाचा विषय माझ्याकडून संपला.

आत्या


२९ एप्रिल, कुरिअरने

आत्या,

कुठेही जाऊ नकोस. दादाला लगेच सांग. मीही सांगते, पण आधी तू हे वाच.

तुझ्या पहिल्या पत्राचं पान सोबत पाठवते आहे. तू ६००५ लिहिलं आहेस. स्वच्छ, ठळक, तुझ्या त्या गोल शून्यांनी. पडद्यावरही ६००५ आहे. तुझे डोळे बरोबर आहेत आणि डोकंही बरोबर आहे. फाईल मी चुकीची पाठवली, मुद्दाम. तू विचारलंस तेव्हा पत्र माझ्यासमोर होतं, ते बघत बघत मी खोटं लिहिलं.

आम्ही वेगळे झालो. नोव्हेंबरातच. तो आमच्या आधीच्या घरात राहतो आणि मी एका खोलीत. खाली लॉन्ड्री आहे, मशीन फिरायला लागल्या की माझी फरशी थरथरते. कुलूप बिघडलेली टपालपेटी वगैरे काही नाही. तुला पत्ता बदललेला दिसू नये म्हणून ऑफिसचा दिला. त्याने नमस्कार सांगितलेला नाही. आम्ही बोलत नाही.

दादाला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. तुला पत्रातून फसवता येत होतं. पण तू पडद्यावर समोर आलीस की विचारणार, "जावई कुठे?" आणि मी काहीही उत्तर दिलं तरी तू ऐकणार नाहीस, माझं तोंड बघणार. तुझ्यासमोर कधी कुणाचं खोटं चाललंय? मला वाटलं, आणखी एखादा महिना जाऊ दे. मग आणखी एक. तोवर मी काहीतरी जुळवून आणीन असं वाटत होतं. काय जुळवणार होते कुणास ठाऊक.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते. लहानपणी मी हट्ट केला की घरात म्हणायचे, "अशीच वागलीस तर आत्यासारखी एकटी राहशील." मला तू आवडायचीस, तरी मला त्या वाक्याची भीती वाटायची. आता मी संध्याकाळी एका माणसाचं जेवण करते आणि उभ्यानेच जेवते, तेव्हा तेच वाक्य आठवतं. आणि तुलाच कसं सांगू की मी तुझ्यासारखी झाले?

बाबांचं आकड्यांपासून सुरू झालं हे मला खरंच माहीत नव्हतं. माहीत असतं तर... नाही, तसं म्हणण्यात अर्थ नाही.

बरोबर फाईल ह्या पेन ड्राइव्हवर आहे. पाकिटावर तुझाच आकडा लिहिलाय. कागदावरच्या आधीच्या ओळी तशाच चालतील, फक्त नंबर बदल.

मुंगी


७ मे

चि. मुंगीस,

पत्र, पेन ड्राइव्ह आणि माझं पान, तिन्ही मिळालं.

कार्ड सुरू झालं. फाईल ठेवली, मशीन सुरू केली, आणि ती ओळ आलीच नाही. तुझ्या कागदावर पुढे लिहिल्याप्रमाणे पेटीचं नाव आणि पासवर्ड एका फाईलमध्ये भरले. जोड झाला आहे का ते विचारलं, मशीनने "चालू" असं सांगितलं. बाकी काही बोलली नाही.

दादाला बोलावून पडदा दाखवला. पैज जिंकले. जागा सोडल्याचं त्याने फोन करून कळवलं. तू काय केलंस ते मी त्याला सांगितलेलं नाही. तुझं तू सांग, पण ह्या महिन्यात सांग.

आता माझं ऐक. मला राग आलेला नाही असं मी लिहिणार नाही. आला आहे आणि तो लगेच जाणार नाही. तुझं मार्चचं पत्र आल्यापासून मी रोज सकाळी उठून स्वतःला एकोणतीसचा पाढा विचारत होते. पाढा बरोबर यायचा. तरी विश्वास बसायचा नाही, कारण म्हणणारीही मीच आणि तपासणारीही मीच. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. पुस्तकं मी परत मागणार नाही. दिलेली वस्तू दिली. कपाट रिकामं आहे, त्याकडे बघून मला राग येत राहील, तो तू सहन करायचा.

एक गोष्ट मात्र मीही मान्य केली पाहिजे. पैज काय होती ते मी पहिल्याच पत्रात लिहिलं असतं, तर तू असं केलं नसतंस, एवढी मी तुला ओळखते. जे कामाचं होतं, नेमकं तेवढंच आपण दोघींनी एकमेकींना लिहिलं नाही.

ते वाक्य माझ्यासमोरही बोललं गेलं आहे. तेव्हा मला ऐकू येत होतं. तू जिन्यात बसली होतीस, फ्रॉकचं टोक चावत. त्यावर मी काही बोलले नाही, कारण ते सगळंच खोटं नव्हतं. एकटं राहण्यात काही संध्याकाळी वाईट जातात. त्या तशाच जाऊ द्यायच्या, त्यावर औषध मला सापडलेलं नाही. पण उभ्याने जेवायचं नाही. एका माणसासाठीही ताट वाढून, खुर्चीवर बसून जेवायचं. हे मी तुला मायेने सांगत नाही, अनुभवाने सांगते आहे.

ह्या पत्राबरोबर माझा नवा ईमेल पत्ता आहे. मे महिन्यातला कुठलाही रविवार कळव. जावई कुठे, असं मी विचारणार नाही.

आत्या


१६ मे, ईमेल

आत्या, पत्र आज आलं. दादाला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "जेवलीस का?" तेवढंच. उद्या रविवारीच बोलू, तुझ्याकडच्या संध्याकाळी. मी एकटीच असेन. दिवा समोर लावते.


१८ मे

चि. मुंगीस,

हे मशीनवरूनही पाठवता आलं असतं. पण टाइप करताना माझं लक्ष अक्षरं शोधण्यात जातं आणि जे लिहायचं ते बाजूला राहतं. म्हणून कागद घेतला.

काल तुला पाहिलं. वाळली आहेस. केस स्वतःच कापलेस का? एका बाजूला जास्त कापले गेले आहेत. तुझ्या मागे भिंतीवर काही नाही, एक खिळा तेवढा आहे. दिवा बरोबर लावला होतास.

बोलणं फार झालं नाही. तू ऑफिसचं सांगितलंस, मी वरच्या भाडेकरूंचं सांगितलं. मध्येच चित्र थांबलं, तुझं तोंड अर्धं उघडं राहिलं आणि मी त्या अर्ध्या शब्दासमोर बसून राहिले. कार्ड पुन्हा रुसलं की काय असं वाटलं, पण दोष तुझ्याकडचा होता. चित्र पुन्हा हललं तेव्हा तू पुढच्या वाक्यात गेली होतीस. ठीक आहे, एखादा शब्द गेला तर जाऊ दे.

पण शेवटी, निरोप घ्यायच्या आधी, तू तोंड फिरवलंस. बाजूला बघून काहीतरी बोललीस, लहानसं नव्हतं, चांगली तीन-चार वाक्यं असावीत. मला फक्त गाल हलताना दिसला. मग वळून तू "बरं, ठेवते" म्हणालीस, ते मी वाचलं. मी तेव्हा विचारलं नाही. मला वाटलं, ते तू स्वतःशीच बोललीस, माझ्यासाठी नसावं.

आज दुपारी भांडी आवरताना वाटलं, माझ्यासाठीच असावं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तोंड फिरवून बोललेलं मला ऐकू येत नाही. पुढच्या रविवारी ते पुन्हा म्हण, माझ्याकडे बघून. रडायला आलं तरी बघून म्हण. थरथरणारे ओठ मला वाचता येतात.

आत्या